चिन्नोर, लवकरच उपलब्ध

१

श्यामराव निंबार्त्यांच्या कोठीत चिन्नोर तांदळाची पोती आढ्याला टेकली होती आणि इंटरनेटवर मात्र तो तांदूळ मिळत नव्हता.

हे त्यांना कळलं नागपूरच्या एका जुन्या गिऱ्हाइकाच्या फोनमुळे. "राव, चिन्नोर संपला का? शोधलं तर नाही म्हणते." श्यामरावांनी फोन ठेवला, चपला पायात सरकवल्या आणि तडक माझ्या कॉम्प्युटर सेंटरवर आले. मी नुकतं शटर उघडलं होतं, अजून घोटभर चहाही पोटात गेला नव्हता.

मी रुपा हटवार. शहापूरला हायवेच्या कडेला माझं सेंटर आहे. टायपिंग शिकवते आणि आसपासच्या दुकानदारांच्या वेबसाइट इंटरनेटच्या शोधात वर कशा दिसतील ते बघते. त्यामुळे कोणाचं काही बिघडलं की लोक आधी मला बोलावतात आणि मग माझ्याचकडे संशयानं बघतात. त्यात मी स्वभावानं घाबरट. दुसऱ्याच्या घरात आवाज चढला तरी मी आपलं दार लावून घेते.

"रुपाबाई, माह्या दुकानावर कोनंतरी डाव साधला," श्यामराव उभ्या उभ्याच म्हणाले. "पोते भरून माल आहे अन् दुनिया म्हनते, नाही. मले तर मालूम आहे कोनं केलं थे."

"कोणी?"

"बंट्यानं. दुसरं कोन करते?"

बंटी म्हणजे त्यांचा सख्खा भाचा, रुखमिणीबाईंचा मुलगा. मामाच्या हाताखाली तांदळाचा धंदा शिकला, मामाची वेबसाइटही त्यानंच सुरू करून दिली. मागच्या वर्षी वेगळा झाला आणि हायवेवरच स्वतःचं दुकान टाकलं. शोधात मामाचं नाव वर येतं, भाच्याचं त्याच्या खाली. आता मामाकडे माल नाही असं दिसलं, की माणूस आपसूक खालच्या ओळीवर बोट ठेवणार. श्यामरावांचा हिशेब असा सरळ होता.

"आज दुपारी त्याचं साक्षगंध आहे, जवाहरनगरले," ते म्हणाले. "मी नालिश कराले तयारच आहे. पन बहीन मधात येते, म्हनून तुमच्याकडं आलो. मंडपाच्या आंधी मले पक्कं नाव सांगा. नाही सांगतलं, तर मी पोलिसाले घेऊनच मंडपात जातो."

 मुलीचे, म्हणजे खुशबूचे, वडील फॅक्टरीत नोकरीला, नाकासमोर चालणारं घर. साखरपुड्याच्या मंडपाच्या दारात पोलिसांची गाडी उभी राहिली, तर अंगठी डबीतच राहिली असती. रुखमिणीबाई माझ्या शेजारी राहतात. नवरा गेल्यावर त्यांनी या एका पोराकडे बघून दिवस काढले. ही सोयरीक जुळली त्या दिवशी त्या माझ्या गळ्यात पडून रडल्या होत्या.

"दुपारपर्यंत थांबा," मी म्हटलं. "आणि तोवर कोणाला फोन करू नका."

"करत नाही. पन मी कपडे घालून तयार राहतो," श्यामराव म्हणाले आणि गेले.

२

सगळ्यात आधी मी त्यांच्या दुकानाचं पान उघडलं. तिथं काहीच बिघडलेलं नव्हतं. वर फेटा बांधलेल्या श्यामरावांचा फोटो, खाली तीन जातींचा तांदूळ, तिन्हींपुढे 'उपलब्ध'. मग मी तोच चिन्नोर शोधात टाकून पाहिला. नावाखाली पिवळे तारे होते, भाव होता आणि भावाशेजारी लिहिलं होतं, 'लवकरच उपलब्ध'.

म्हणजे पान एक सांगत होतं आणि पानाचं लेबल दुसरंच.

लेबल हा माझा शब्द. पुस्तकात त्याला संरचित माहिती म्हणतात, पण तसं म्हटलं की शहापूरचे दुकानदार जांभई देतात. पानावर माणसांसाठी मजकूर असतो आणि त्याच पानाच्या पोटात शोधयंत्रासाठी ठराविक कप्पे असतात. मालाचं नाव, भाव, गिऱ्हाइकांनी दिलेले तारे, माल आहे की नाही. कप्पे नीट भरले, की शोधयंत्र ते वाचून आपल्या ओळीखाली तारे आणि भाव मांडून दाखवतं. नुसत्या अक्षरांच्या गर्दीत तारेवाली ओळ चटकन डोळ्यांत भरते आणि लोक तिच्यावर बोट ठेवतात. पोत्याला बाहेरून चिठ्ठी लावतो तसं हे काम आहे. पण आतला माल आणि चिठ्ठी जुळली नाही, तर शोधयंत्र एक दिवस सगळे तारेच काढून घेतं. ती धाकधूक मला आणखी वेगळी.

हे लेबल बदललं कोणी? सरळ उत्तर मिळण्याची सोय नव्हती, कारण आत जाणारे सगळे एकाच नावानं जात होते, 'श्यामराव' या नावानं. पासवर्ड बंटीनं ठेवला होता आणि तो लाभतो म्हणून श्यामरावांनी कधी बदलू दिला नाही. तो ठाऊक असलेले तिघंच. भाचा बंटी, भंडाऱ्याचा वेबसाइट बनवणारा प्रविण आणि श्यामरावांची सून अपेक्षा, जी रोजच्या ऑर्डरी बघते. संगणकाला विचारलं असतं तर त्यानं चोर म्हणून श्यामरावांचंच नाव सांगितलं असतं.

मला दोन गोष्टी खटकल्या. तीन जातींपैकी एकट्या चिन्नोरचंच लेबल बदललेलं होतं. आणि त्या कप्प्यात 'संपला' किंवा 'बंद केला' असंही लिहिता येतं, तरी तिथं निवडलं होतं 'लवकरच उपलब्ध'. दुकान बुडवायला निघालेला माणूस गिऱ्हाइकाला 'थोडं थांबा' कशाला सांगेल? त्यानं आधी तारे खाली आणले असते.

मी निंबार्त्यांच्या घरी निघाले. मागच्या अंगणात भर उन्हात ताडपत्री टाकलेली होती, तिच्यावर तांदूळ पसरलेला, आणि अपेक्षा तोंडाला ओढणी घट्ट बांधून दोन्ही हातांनी तो तांदूळ वरखाली करत होती. मला पाहून ती दचकली.

"ताई, तुमी?"

"तुझ्या सासऱ्यांनी पाठवलं. चिन्नोरचं ऐकलंस ना?"

"आयकलं." तिनं मान खाली घातली. "बाबा सकाळपासून चिल्लावून राहिले. माह्यावर येईन काय नाव?"

"तू बदललंस का लेबल?"

"मी कायले बदलू ताई? घरचंच दुकान आहे." ओढणीआडून तिचे डोळे तेवढे दिसत होते आणि ते माझ्याकडे बघत नव्हते.

"हे काय चाललंय?"

"किडे झाले होते. म्हनून उनात घातला."

ओसरीवर तिची सासू, शकुनबाई, जुन्या हिरव्या लुगड्याच्या चिंध्या मांडीवर घेऊन बसली होती. कडूनिंबाचा पाला मूठमूठ घ्यायचा, चिंधीत बांधायचा आणि पुरचुंडी बाजूला ठेवायची, असं काम चाललं होतं. "तांदुळात ठेवली का किडा लागत नाही," ती मला म्हणाली. मग माझ्याकडे निरखून बघत विचारलं, "तू कोनाची व?"

"हटवारांची सून, मामी. सेंटरवाली रुपा."

"हो हो. बस, चाहा घे."

अपेक्षानं चहा आणला. मी बशीत ओतला, तोवर शकुनबाईंनी पुन्हा विचारलं, "तू कोनाची व?" मी पुन्हा सांगितलं. अपेक्षानं घाईनं मधेच विषय काढला, की धनंजय, म्हणजे तिचा नवरा, चिखल्याच्या खाणीतून आज थेट जवाहरनगरला येणार आहे. मला ते घर सोडून लवकर निघावंसं वाटत होतं, आणि का वाटतंय ते कळत नव्हतं.

३

बंटीच्या घरी लगबग चालली होती. बंटी नव्या कुर्त्यात, कपाळावर घाम. प्रविण भंडाऱ्याहून खास त्याच्यासाठी आलेला, दोघं जुने दोस्त. मी दोघांना आतल्या खोलीत घेतलं आणि मामा काय म्हणतात ते सांगून टाकलं.

बंटीचा चेहरा पडला. तो खाटेवर बसला. "आज? आजच्या दिवशी?"

"तू केलं नसशील तर मला सांग. मी त्यांना समजावते."

"ताई, मी कायले करीन? तुमीच पाहा ना. लोक शोधतेत, मामाचे तारे पाहून थांबतेत, अन् मंग खाली माहं दुकान दिसते. मामा वर आहे म्हनून मी खाली दिसतो. थो बसला तर मले कोन इचारते?" त्यानं कपाळ पुसलं. "खुशबूच्या बाबाले नुसतं कळलं ना, का मामा पोलिसात जाऊन राहिला, तरी थे उठून जाईन. लय सरळ मानूस आहे थो."

"अन् माहाबी विचार करा मॅडम," प्रविण म्हणाला. "नवीन गिऱ्हाईक आलं का मी त्याले शोधातला श्यामरावचाच निकाल दाखवतो. तारे पाहा, भाव पाहा, असं तुमचं दिसन. थो माह्या धंद्याचा बोर्ड आहे. आपलाच बोर्ड कोनी कायले पाडन?"

"मग कोणी केलं असेल?"

प्रविणनं जरा विचार केला. "सांगू काय, ज्यानं केलं त्याले लेबल समजते. पन त्यानं पान काहून सोडलं? माल नाही म्हनून दाखवाचं असतं तर मी दोन्हीकडं बदललं असतं. जुळत नाही तर तारे जाते, हे त्याले मालूम असंन. तरी त्यानं पानाले हात नाही लावला."

हे माझ्या मनात घोळत असतानाच दारात रुखमिणीबाई आल्या. हातात हळदीकुंकवाचं ताट. त्यांनी आमचं बोलणं ऐकलं होतं, हे त्यांच्या तोंडावरून कळत होतं.

"माहा भाऊ असा नाही व रुपा," त्या म्हणाल्या आणि त्यांचा आवाज चिरकला. "रागीट आहे, पन असा नाही."

"तेच तर समजत नाही माय," बंटी म्हणाला. "एकीकडं मामा पोलिस म्हनते, अन् एकीकडं मामीनं काल तांदूळ पाठवला. आता कोनाचं खरं समजू मी?"

"थो तर पाठवावाच लागते," रुखमिणीबाई मला म्हणाल्या. "नवरदेवाच्या मामाघरचा तांदूळ मुलीकडं जाते. त्याचाच भात शिजते साक्षगंधाले. बाकी भांडन किती असू दे, वहिनीनं थे लक्षात ठेवलं."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. पाहुणे निघायच्या बेतात होते. बंटीनं माझा हात धरला. लहानपणी माझ्याकडे टायपिंग शिकायला यायचा, तेव्हा चूक झाली की असाच बघायचा.

"ताई, काही करा. मामाले थांबवा."

मी हो म्हटलं. कशाच्या भरवशावर म्हटलं, कोण जाणे.

४

हायवे ओलांडायला मी कडेला उभी राहिले. ट्रकांची रांग संपता संपत नव्हती. मला नुसतं ओरडावंसं वाटत होतं. प्रविणचा प्रश्न डोक्यातून जाईना. पानाला हात का नाही लावला?

पान कोण बघतं? गिऱ्हाईक शोधातून येतं, आणि 'लवकरच' वाचून तिथूनच परत जातं. पानापर्यंत पोचतच नाही. मग पान रोज न चुकता बघणारा माणूस कोणता?

श्यामराव. रोज सकाळी देवाला हात जोडले, की दुकानातला संगणक लावतात. पान तिथं जपून ठेवलेलंच आहे, एका टिचकीत उघडतं. फेट्यातला आपला फोटो बघतात, तिन्ही ठिकाणी 'उपलब्ध' वाचतात आणि समाधानानं गल्ल्यावर बसतात. स्वतःचाच तांदूळ शोधात टाकून बघायचं त्यांना काय कारण? नागपूरचा फोन आला नसता तर त्यांना अजूनही कळलं नसतं.

म्हणजे साऱ्या जगाला सांगायचं होतं आणि एका माणसापासून लपवायचं होतं. नवीन ऑर्डर थांबायला हवी होती, दुकानाचं नाव मात्र राहायला हवं होतं. हे बाहेरच्याचं काम नव्हतं.

आणि मग मला ती ताडपत्री आठवली. आमच्या धानाच्या मुलखात जन्मलेल्या बाईला हे शिकवावं लागत नाही. धान उन्हात घालतात. तांदूळ नाही घालत. तांदूळ उन्हात पडला की तडकतो आणि शिजवताना त्याची कणी होते. अपेक्षा धानवाल्याच्या घरची मुलगी. तिनं चिन्नोरसारखा नाजूक तांदूळ भर उन्हात का ओतावा? तिला तो वाळवायचा नव्हताच. तिला उजेड हवा होता. ती त्या तांदळात काहीतरी शोधत होती, आणि ते नाकातोंडात जाऊ नये म्हणून ओढणी बांधून शोधत होती.

दोन ट्रकांच्या मधून मी अक्षरशः पळत रस्ता ओलांडला.

अपेक्षा अंगणातच होती. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. "काय हरवलंय या तांदळात?"

तिनं ओढणी खाली केली.  "पुरचुंडी," ती म्हणाली आणि तिथंच मटकन खाली बसली.

मग ती बोलत गेली. कोठीत कीड लागू नये म्हणून विषारी गोळ्या ठेवतात. हे काम पहिल्यापासून शकुनबाईंचं. गोळ्या चिंधीत बांधून पोत्यांत सोडायच्या, मुदत झाली की मोजून काढायच्या. त्यांच्या हातून कधी चूक झाली नाही. या वर्षी मात्र त्यांनी गोळ्या बांधल्या आणि मग तशाच हिरव्या चिंध्यांत पालाही बांधला. काढायच्या वेळी चिन्नोरच्या पोत्यांतली गोळ्यांची एक पुरचुंडी कमी भरली. कुठल्या पोत्यात ठेवली विचारलं, तर म्हणाल्या, मी पालाच ठेवला होता, गोळ्या कोणत्या?

"त्याईले आठवत नाही ताई. इतल्यात बहुत विसरतेत. गॅस चालू ठेवतेत, देवळात जातेत तर घराची वाट इचारतेत. मी एकदा म्हनलं, डॉक्टरले दाखवू. तर बाबा माह्या अंगावर धावले. माह्या बाईले काही नाही झालं म्हने, पुन्हा बोलली तर माहेरी पाठवतो." ती रडू लागली. "कोनाच्या घरी थे पाकीट गेलं असतं तर? म्हनून मी लेबल बदललं. एक एक पोतं पाहून घेऊ, सापडली का पुन्हा चालू करू, असं म्हनलं. मी आलेल्या ऑर्डरीचा मालबी पाठवला नाही. बांधलेली पाकिटं फोडली."

मागे काहीतरी आपटलं. मागच्या दारात श्यामराव उभे होते, अंगात कडक इस्त्रीचा सदरा, हातातला फोन खाली पडलेला. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"खोटं बोलून राहिली," ते म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता. "माह्या बाईले काही नाही झालं."

ओसरीवरून शकुनबाई शांतपणे आमच्याकडे बघत होती. हातातल्या चिंधीला गाठ मारत होती.

मला त्या दोघांकडे बघवेना. मी अपेक्षाला विचारलं, "सगळी पोती पाहिलीस?"

"हे शेवटचं होतं. सगळी पाह्यली. पाकिटंबी पाह्यली. कुठंच नाही ताई."

सगळ्या पोत्यांत नाही, पाकिटांत नाही. म्हणजे ती घरात नव्हतीच. वेबसाइटवरून काही गेलेलं नव्हतं. मग या कोठीतून तांदूळ बाहेर गेला तो कुठं?

 "मामी," मी शकुनबाईंना विचारलं, "रुखमिणीबाईंना तांदूळ पाठवलात?"

"हो तं," ती हसून म्हणाली. "बंटीचं साक्षगंध आहे नं. मामाघरचा तांदूळ."

५

श्यामरावांनी गाडी कशी काढली ते मला आठवत नाही. पुढे ते आणि मी, मागे अपेक्षा आणि शकुनबाई. तिला घरी ठेवायची कोणाची छाती झाली नाही, आणि ती स्वतःच लुगडं बदलून दारात उभी राहिली होती.

मी फोन लावत सुटले. रुखमिणीबाईंचा फोन घरीच राहिला असावा, वाजून वाजून बंद झाला. बंटी उचलेना, धनंजयचा लागेना. प्रविणनं उचलला, पण त्याच्या कानाशी बँड वाजत होता. "हॅलो? हॅलो? निघाले का तुमी?" एवढंच तीनदा बोलला आणि लाइन तुटली. मी मेसेज लिहिला, 'तांदूळ शिजवू नका'. तो गेला, पण कोणी वाचला नाही.

हायवेवर ट्रक अडले होते. श्यामराव हॉर्नवर हात दाबून बसले होते.

"पान्यात पडली तर?" अपेक्षानं मागून विचारलं.

"बोलू नको," श्यामराव म्हणाले.

मला आधणाचं पातेलं दिसत होतं. पाणी खळखळत असणार. लोक तांदूळ धुऊन, उपसून तयार ठेवत असतील. ती गोळी पाण्यात गेली, तर जो वायू निघेल तो आधी कोणाच्या नाकात जाईल, आचाऱ्याच्या की चुलीजवळच्या बायांच्या? मी दारावरची मूठ इतकी घट्ट धरली होती की बोटं दुखायला लागली.

"धीरे चालवा जी," शकुनबाई मागून म्हणाली. "साक्षगंध आहे, भांडन नाही."

श्यामरावांनी आरशात तिच्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते. त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेच्या मातीत उतरवली आणि ट्रकांच्या बाजूनं तशीच पुढे काढली.

६

जवाहरनगरच्या क्वार्टरांसमोर मंडप होता. गाडी नीट थांबायच्या आत मी उतरले आणि धुराच्या दिशेनं धावले. मागच्या बाजूला चूल पेटलेली होती, पातेल्यात आधण आलं होतं, आणि परातीत तांदूळ भरून आचारी उचलायच्या बेतात होता.

"थांबा! टाकू नका!"

सगळे वळून बघू लागले. मी परातीत हात घातला, पोतं उलटं केलं. नुसता तांदूळ. हिरवी चिंधी कुठंच नव्हती.

"काय शोधून राहिल्या बाई?" मुलीची आई, पंचफुलाबाई, पदर खोचून पुढे आल्या.

"यात एक पुरचुंडी होती. हिरव्या कापडाची."

"हो नं. निवडताना भेटली." त्या कौतुकानं म्हणाल्या. "मामाघरचा शकुन असंन, म्हनून मी खुशबूच्या ओटीत घातली."

मी आत धावले. बंद खोलीत बायांचा घोळका आणि मधे पाटावर खुशबू, नवी साडी, पदरात नारळ, तांदूळ आणि ती पुरचुंडी. खोलीत सडक्या लसणासारखा वास होता. पोरीनं कपाळ दाबून धरलं होतं. "ताई, डोकं लय दुखून राहिलं," ती म्हणाली. मी पदरासकट सगळं ओढून काढलं, खिडकी उघडली आणि तिला बाहेर पाठवली. पुरचुंडी मी अंगणापलीकडे नेऊन कोरड्या मातीत टाकली.

पाहुण्यांत कॉलनीतले एक डॉक्टर होते. त्यांनी खुशबूला मोकळ्या हवेत बसवलं, नाडी पाहिली, डोळे पाहिले, प्रश्न विचारले.  शेवटी ते म्हणाले, "ठीक आहे. वेळेवर काढलं. हवेत बसू द्या, मी इथंच आहे." पंचफुलाबाईंनी लेकीला छातीशी धरलं आणि मग डोळे पुसून सरळ उभ्या राहिल्या.

"आता मले सांगा," त्या म्हणाल्या. "नवरदेवाकडून आलेल्या तांदुळात इख कोनं टाकलं?"

सगळे बंटीकडे बघू लागले. खुशबूचे वडील खुर्चीवरून उठले. रुखमिणीबाईंनी त्याचा दंड धरला होता. मला बोलायचं होतं, पण माझ्याआधी श्यामराव मंडपाच्या मधोमध येऊन उभे राहिले.

"मी," ते म्हणाले. "धान्यात ठेवाच्या गोळ्या होत्या. माह्यानं काढाच्या राहून गेल्या. पोट्ट्याले काहीच मालूम नाही. अन् मी, त्याचा मामा, सकाळपासून त्याच्यावरच आळ घेऊन पोलिसात जाऊन राहिलो होतो." त्यांनी हात जोडले. "त्याच्याकडं नका पाहू. माह्याकडं पाहा."

"तुमी कायले खोटं बोलता जी?"

शकुनबाई अपेक्षाचा हात सोडून पुढे आली. तिचा आवाज बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू गेला.

"मी ठेवली थे. मले आठवतच नाही आता. कुठं ठेवलं, कोन आलं, काही आठवत नाही. कवाची सांगून राहिली मी, तर तुमी आयकतच नाही." ती पंचफुलाबाईंकडे वळली. "तुमच्या पोरीले काही झालं असतं तर बाई? मले घरी बसवा म्हना ह्याईले. माह्या हातात काही देऊ नका."

श्यामरावांनी तोंड फिरवलं. त्या माणसाला मी कधी रडताना पाहिलं नव्हतं. अपेक्षा तिथंच उभी राहून हुंदके देत होती. तेव्हा ते तिच्याजवळ गेले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "तू बराबर केलं व बेटा. पन मले सांगाले भ्याली, थे माह्यामुळंच."

पंचफुलाबाईंनी शकुनबाईंकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे पाहिलं. त्या सरळ माणसानं हळूच होकाराची मान हलवली आणि ते पुन्हा खुर्चीवर बसले.

"थो तांदूळ सारा फेका," पंचफुलाबाई आचाऱ्याला म्हणाल्या. "घरातलं पोतं आना. अन् नवरदेवाच्या मामीले समोर जागा द्या."

थोड्या वेळानं बंटी पाटावर बसला. खुशबू, जरा फिकट, त्याच्या शेजारी. पहिलं कुंकू मामीनं लावायचं असतं. शकुनबाईंच्या हातात ताट दिलं. ती दोन पावलं पुढे गेली, बंटीसमोर थांबली आणि तिचा चेहरा कोरा झाला. तिनं त्याच्याकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं, मग भोवतीच्या अनोळखी गर्दीकडे. ताट हलायला लागलं. सारा मंडप बघत होता.

श्यामराव उठून तिच्याशेजारी जाऊन उभे राहिले. ताटाखाली आपला हात धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, जराही न लाजता, म्हणाले, "धन्याच्या माय, हा बंटी आहे. आपल्या रुखमिणीचा पोरगा. याच्या कपाळाले कुंकू लाव."

तिनं लावलं.